हरिकेनचं कापड

हॉकर हरिकेनच्या पंखांचा पसारा ४० फूट. १/४८ स्केलमध्ये तो बरोब्बर १० इंच होतो. म्हणजे लॅपटॉपच्या शेजारी आरामात मावेल एवढं विमान. त्या दहा इंचांना मला सात महिने लागले.

किट होतं शॉर्ट-रन. मोठ्या कंपन्यांचे साचे पोलादी असतात, भाग टचकन एकमेकांत बसतात. छोट्या कंपन्या स्वस्त साच्यांतून थोडीच किट काढतात. त्यात खुंट्या नसतात, खाचा नसतात, प्रत्येक भागाच्या कडेला जास्तीचं प्लॅस्टिक पापुद्र्यासारखं आलेलं असतं. ते आधी ब्लेडने तासायचं, मग भाग जोडून बघायचा, परत घासायचा, परत बघायचा. कॉकपिटवरची काच तर पातळ पारदर्शक पत्र्यात उमटवलेली. ती आपणच कापून काढायची. कंपनीने पाकिटात दोन काचा दिल्या होत्या. ग्राहकाच्या हातावर त्यांचा किती भरवसा, ते त्यावरून कळलंच.

पण मी अडकलो होतो शेपटीकडच्या अर्ध्या भागात.

हरिकेन पहिल्यांदा उडालं ६ नोव्हेंबर १९३५ ला. सिडनी कॅमने ते जुन्या आणि नव्या काळाच्या बरोब्बर मध्ये उभं केलं. पुढे मर्लिन इंजिन, धातूचा पत्रा. कॉकपिटच्या मागे मात्र धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणलेलं कापड. त्या कापडाला डोप नावाचं उग्र वासाचं रसायन फासायचं, की ते आकसून ढोलासारखं ताठ होई. स्पिटफायर दिसायला देखणं, पण त्याचा पत्रा फाटला की काम वाढे. हरिकेनच्या कापडातून गोळी कित्येकदा नुसतीच आरपार जायची. भोकावर ठिगळ लावलं की विमान परत तयार.

प्लॅस्टिकमध्ये हे कापड दाखवणं महाकठीण. माझ्या किटमधल्या पट्ट्या उपाशी म्हशीच्या बरगड्यांसारख्या वर आल्या होत्या. ताणलेलं कापड तसं दिसत नाही, त्यावर उजेड तिरका पडला तरच पट्टीची ओळ जाणवते. मी तीन आठवडे रोज रात्री ओल्या पॉलिश पेपरने त्या बरगड्या उतरवत होतो. बायको म्हणाली, "भांडी घासताना हा उत्साह कुठे जातो?"

एवढी चिकाटी येण्याचं कारण घरातलंच आहे. माझे आजोबा हरिकेनवर रिगर होते. इंजिन बघणारा तो फिटर, विमानाचं अंग बघणारा तो रिगर. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून ते हवाई दलात गेले आणि १९४४ मध्ये इम्फाळला होते. जपानी फौजांनी मार्चअखेर रस्ता तोडला, तो २२ जूनला मोकळा झाला. मधले जवळजवळ तीन महिने सगळं काही विमानाने यायचं. तिथेच होती भारतीय हवाई दलाची नंबर १ स्क्वाड्रन, प्रमुख अर्जन सिंग, वय वर्षं २५. पुढे ते मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले.

आजोबा यातलं काहीच सांगत नसत. विचारलं की म्हणायचे, "आम्ही ठिगळं लावायचो." मात्र गोधडी उसवली की आजीच्या हातातून सुई घ्यायचे. फाटलेलं आधी आडव्या-तिरक्या टाक्याने शिवायचं, मग वर ठिगळ, त्याच्या कडांचे धागे मुद्दाम सोडलेले, म्हणजे कड उचकटत नाही. विमानाचं कापडही असंच सांधायचे, हे मला खूप उशिरा, एक जुनी दुरुस्ती-पुस्तिका वाचताना कळलं.

त्यांचे थोरले भाऊ १९४२ ला भूमिगत झाले, मग प्रतिसरकारात. एकाच घरातून एक भाऊ इंग्रजांचं सरकार उलथवायला निघालेला आणि दुसरा त्याच सरकारच्या विमानांना ठिगळं लावतोय! दोघांत पुढे कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. गावात सांगतात, बांधावरून बिनसलं. बाबा वेगळं सांगतात. थोरले आजोबा एकदा जेवताना म्हणाले होते, "तुझ्या ठिगळांवर ती विमानं उडाली आणि आपल्याच पोरांवर गेली." इम्फाळला जपान्यांबरोबर आझाद हिंद सेना होती, जवळच्या मोइरांगला १४ एप्रिल १९४४ ला त्यांनी झेंडाही फडकवला. आजोबा म्हणे एवढंच बोलले, "वर बसलेलं पोरही आपलंच होतं, दादा."

मी यावर पुष्कळ वाचलं. अंदमानात जपान्यांनी हिंदी माणसांचे जे हाल केले ते वाचलं की इम्फाळ टिकलं हे बरंच झालं वाटतं. मग मोइरांगबद्दल वाचतो आणि गप्प होतो. 'दोघंही आपापल्या जागी बरोबर' हे म्हणणं मला पळवाट वाटते. एकाच्या ताटात दुसऱ्याने काय वाढलं होतं, ते त्या जेवणात बसलेल्यांनाच माहीत.

रंगाकडे वळलो तेव्हा पावसाळा लागला होता. पुण्याच्या दमट हवेत लॅकर मारला की त्यावर पांढुरकी साय धरते, म्हणून पाऊस थांबलेल्या दुपारी बघून बघून एअरब्रश चालवला. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून राखाडी.

मग गोल चिन्हं. ब्रिटिश विमानावरच्या गोलाच्या मध्यभागी लाल ठिपका असतो. जपानी विमानावर नुसताच लाल गोळा. घाईच्या वेळी आपल्याच तोफांनी आपलंच विमान पाडू नये म्हणून इकडच्या आघाडीवर लाल रंगच काढून टाकला आणि पांढऱ्याच्या जागी फिकट निळा आणला. गडद निळ्यात फिकट निळा, बस्स. शेपटीवरच्या पट्ट्याही तशाच. ही चिन्हं मी स्टिकर न वापरता मास्क कापून रंगवली, कारण पाण्यातून सोडवायचं स्टिकर कापडी भागावर कितीही दाबलं तरी वेगळंच दिसतं.

सगळ्यात शेवटी ठिगळ. टिश्यू पेपरचा दोन मिलिमीटरचा चौकोन, कडा सुईने उसवलेल्या, डाव्या बाजूला शेपटीच्या जरा अलीकडे. डोपचा पहिला थर तांबूस असायचा, म्हणून त्यावर आधी तांबूस रंग मारला, तो वाळल्यावर हिरवा. तांबूस आता दिसत नाही. ठिगळही दिव्याखाली मॉडेल तिरकं धरलं तरच दिसतं.

बाबांना ते मी दाखवलं नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, विमान डोळ्यांजवळ नेलं आणि बोट तिथेच नेऊन ठेवलं. "चौकोनी नसायचं नेहमी," म्हणाले, "गोलपण कापायचे, असं सांगायचे ते." बाबांना आजोबांनी हे सांगितलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणखी काय काय सांगितलंय ते आता दर रविवारी थोडं थोडं काढून घेतोय.

गणपतीत थोरल्या आजोबांचा नातू आला होता, त्याच्या मुलीला घेऊन. ती सात वर्षांची. शोकेसमधून विमान कधी काढलं कळलंच नाही. दोन्ही हातांत धरून विचारते, "आजोबा, हे इंग्रजांचं आहे का आपलं?"

बाबा तिच्या बापाकडे बघत राहिले, तो बाबांकडे.

"आधी खाली ठेव बाळा," बाबा म्हणाले, "त्याची अँटेना मोडेल. मग सांगतो."