पेपर लावू की नको?

आमची भाची एम.कॉम. करते आहे, फायनान्स विषय घेऊन. वडील रिक्षा चालवतात, आमची ताई दोन घरी पोळ्या करते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी भाची आमच्याकडे आली आणि चहा व्हायच्या आधीच म्हणाली, "मामा, अर्थविषयक इंग्रजी पेपर लावू की नको? सर म्हणतात, रोज वाचल्याशिवाय मुलाखतीत तोंड उघडता येणार नाही. आई म्हणते, मोबाईलवर सगळं फुकट येतं, मग पैसे कशाला घालवायचे?"

ताईचे म्हणणे आम्हाला खोटे ठरवता येईना. त्या वर्गणीच्या पैशांत तिच्या घरी दोनेक सिलिंडर येतात. आमच्या लहानपणी घरात पेपर येतच नव्हता. वडील सलूनमध्ये बसून वाचून यायचे आणि जेवताना सांगायचे. शिवाय अभ्यासाला लागणारा मूळ मजकूर फुकटच मिळतो. साधारण दर दोन महिन्यांनी पतधोरण ठरते, ते त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर येते. केंद्राचा अर्थसंकल्प आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवालही असेच वाचायला मिळतात. मग पेपरवाल्याला पैसे कशाचे द्यायचे?

तरी आमच्या तोंडून 'नको' निघाले नाही. त्याला कारण आमच्याच घरात घडले होते.

२०२१ साली आम्ही वन रूम किचनसाठी १५ वर्षांचे कर्ज काढले. व्याज तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास होते. २०३६ ला कर्ज फिटेल आणि २०३८ ला आम्ही निवृत्त होऊ, असा हिशेब. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने अचानक रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. तो चढत चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर गेला. या बातम्या आम्ही टीव्हीवर पाहिल्या होत्या. रेपो म्हणजे ज्या दराने रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर, ही व्याख्या बी.कॉम.ला आम्ही पाठही केली होती. आता हप्ता वाढणार म्हणून धास्तावलो. पण हप्ता वाढला नाही! आम्ही खूश. ऑफिसात चार जणांना सांगितलेसुद्धा, की आमची बँक चांगली आहे.

जानेवारी २०२४ मध्ये हीच भाची, तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती, कॉलेजच्या वाचनालयात पेपर वाचून आली आणि विचारू लागली, "मामा, तुमच्या कर्जाचे हप्ते किती उरलेत?" आम्ही खात्याचा उतारा काढला. शेवटचा हप्ता २०४१ सालचा! बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत पाच वर्षांनी लांबवली होती. म्हणजे निवृत्तीनंतर आणखी तीन वर्षे आम्ही हप्ते भरणार होतो आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्या रात्री सौ. काही बोलली नाही, आम्हीही बोललो नाही.

१८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले होते. व्याजदर बदलला तर बँकेने कर्जदाराला कळवावे, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला निवडू द्यावे आणि किती हप्ते उरले याचे पत्रक दर तिमाहीला द्यावे, असे त्यात होते. ते परिपत्रकही फुकटच होते. पण ते निघाले आहे हे आम्हाला कोण सांगणार? भाचीला ते पेपरातल्या एका लेखामुळे कळले. त्याची प्रत घेऊन आम्ही बँकेत गेलो, दोन तास बसलो आणि हप्ता दोन हजारांच्या वर वाढवून मुदत पुन्हा २०३६ वर आणली. तेव्हापासून घरात काटकसर आहे, पण झोप लागते.

बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला, हे आम्ही दर जयंतीला माईकवरून सांगतो आणि रुपयाची बातमी आली की पान उलटतो. हे आमच्याविषयीच म्हणतो आहोत, दुसऱ्या कोणाविषयी नाही.

तर भाचीला आम्ही हो किंवा नाही न म्हणता एक काम दिले. महिनाभर कॉलेजच्या वाचनालयात किती दिवस खरोखर पेपर वाचतेस, ते वहीत लिही. महिन्याने वही आणली. २६ दिवसांपैकी ११ दिवस. बाकीचे दिवस कधी लोकल चुकली, कधी पेपर दुसऱ्याच्या हातात, कधी कंटाळा. कंटाळाही तिने लिहिला होता, हे आम्हाला आवडले.

ऑनलाइन वर्गणी पहिल्या वर्षी स्वस्त पडत होती. पण पुढच्या वर्षी पूर्ण दराने पैसे आपोआप कापले जाणार होते. अशी कपात होण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना देणे १ ऑक्टोबर २०२१ पासून बंधनकारक आहे. तो मेसेज बिनवाचता पुसू नये. भाचीचा आक्षेप मात्र वेगळाच होता. "मामा, मोबाईलवरचा पेपर मी एकटीच वाचणार. कागदाचा चौघांत वाचता येतो. शिवाय रद्दी जाते."

शेवटी तिने स्वतःच तोडगा काढला. वस्तीतल्या आणखी दोन कॉमर्सच्या मुलांना गाठले. पेपर विहारातल्या अभ्यासिकेत टाकायला सांगितला, तोही तीन महिन्यांपुरताच. बिल तिघांत. सकाळी पहिली पाळी तिची, कारण शिकवणीचे पैसे हाती येतात ते तिच्याच. कठीण शब्दाचा अर्थ ती समासात मराठीत लिहून ठेवते. परवा आम्ही सहज चाळला, तर म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीवर तिने मोठे प्रश्नचिन्ह काढले होते.

पहिल्या महिन्याचे बिल आले तेव्हा एका मुलाने हात वर केले. त्याच्या वाट्याचे पैसे आम्ही भरले. भाचीने ते वहीत त्याच्या नावावर मांडले आहेत, तारखेसह. व्याज लावलेले नाही.