आईच्या खोलीची जमीन

तीन वर्षांपूर्वी उद्यमबागेतल्या आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्या नव्याने करायच्या ठरल्या. बाकी सारे महिन्याभरात उरकले, पण जमीन कोणती घालावी या एका प्रश्नाने आम्हाला दहा महिने गुंतवून ठेवले. शाळेच्या अंकासाठी काही लिहा असा निरोप आला, तेव्हा वाटले की हेच लिहावे. पालकांना त्याचा उपयोग होईल, आणि मुलांना घरी करून बघण्यासारखा एक प्रयोगही यात आहे.

प्रश्न नुसता दिसण्याचा असता तर आम्ही दोघा भावांनी एका रविवारी दुकानात जाऊन तो मिटवला असता. पण त्यावर आईचे येणे अवलंबून होते. तिचे वय तेव्हा 78. शहापुरातल्या जुन्या घरात ती एकटी राहत होती. गुडघे दुखत होते, जिना झेपत नव्हता, तरी आमच्याकडे यायला तयार नव्हती. आमच्या खालच्या खोल्यांत गुळगुळीत, चकचकीत टाइल्स होत्या. ती म्हणायची, "तुमच्या त्या आरशावर मी पाय ठेवायची नाही. मोडले काही, तर उचलायला चौघे लागतील." तिच्या ओळखीतल्या एक बाई ओल्या फरशीवर घसरल्या होत्या आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यामुळे तिच्या भीतीला आम्ही हसू शकत नव्हतो.

घरातल्या तरुण मंडळींचे मत लाकडाच्या बाजूने होते. त्यात चूक काही नव्हती. शहापूरच्या घरात माडीवर सागवानी फळ्यांची जमीन होती, आणि थंडीत तिथे अनवाणी चालायला बरे वाटायचे. खानापूर-दांडेलीच्या जंगलांमुळे सागवान आपल्या भागाला परकेही नाही. पण माडीवरचे लाकूड आणि जमिनीलगतचे लाकूड यांत फरक आहे. माडीच्या फळ्यांना खालून-वरून हवा लागते. जमिनीलगत बसवलेल्या फळ्यांना खालून ओल लागते, आणि ओलीच्या मागोमाग वाळवी येते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर. पाऊस वर्षाला 50 इंचांच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पुढे फाल्गुन-चैत्रात हवा अगदी कोरडी. लाकूड ओलाव्याने आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. आषाढात दरवाजे का अडकतात हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. म्हणूनच लाकडी जमीन करताना भिंतीलगत साधारण 10 मिलिमीटर फट सोडतात. स्वस्तात मिळणारे लॅमिनेट हे तर दाबलेला भुसा आणि त्यावर लाकडाचे छापील चित्र. त्याच्या सांध्यात पाणी मुरले की कडा फुगतात, आणि त्या पुन्हा बसत नाहीत.

शहाबादी फरशीचे नाव अर्थातच निघाले. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड आपल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. चुनखडी असल्यामुळे लिंबू, कोकम, चिंच सांडली की पॉलिश मरते, एवढाच त्याचा दोष. पण थंडीच्या दिवसांत तो गार पडतो आणि आईचे गुडघे ते सोसत नव्हते.

राहिले व्हिनायल. हे नाव नवे वाटले तरी आपण सगळे त्यावरून चाललो आहोत. रेल्वेच्या डब्यातली जमीन आठवा, नाहीतर दवाखान्यातली शस्त्रक्रियेची खोली. याचे आजोबा म्हणजे लिनोलियम. 1860 च्या दशकात इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी जवसाचे तेल वापरून ते बनवले. पुढे 1926 मध्ये अमेरिकेत वॉल्डो सीमन यांनी कडक पीव्हीसी मऊ करण्याची रीत शोधली, आणि 1933 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात व्हिनायलची जमीन लोकांपुढे आली. पायाला ते थोडे मऊ लागते, दगडासारखे गार पडत नाही, आणि खरखरीत पोताचे घेतले तर चकचकीत टाइलइतके घसरत नाही. आईसाठी हेच हवे होते.

घेताना एकूण जाडी सगळेच बघतात, पण टिकाऊपणा ठरतो तो वरच्या पारदर्शक थरावर. घराला 0.3 मिलिमीटरचा थर चांगला, आणि राबत्या जागेला 0.5 चा. दोष याही वस्तूत आहेत. उदबत्तीचे जळते टोक पडले की काळा डाग कायमचा. रबरी पायपुसणे बरेच दिवस ठेवले की खाली पिवळे पडते. आणि आमच्या घरात तिसरी गोष्ट होती. धाकटा भाऊ कारखान्यातून लेथवरचे काम करून येतो, तेव्हा चपलेच्या तळव्यात लोखंडाचा बारीक कीस अडकलेला असतो. त्याने व्हिनायलवर ओरखडे उठतात आणि पाणी लागले की गंजाचे ठिपके पडतात.

दुकानदाराने ग्वाही दिली, "शंभर टक्के वॉटरप्रूफ आहे साहेब." ते खोटे नव्हते. पण या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पाण्याने ती शीट खराब होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जमिनीखालून येणारी ओल ती थांबवत नाही, उलट झाकून ठेवते. मग गोंद सुटतो, कडा उचलतात आणि कुबट वास येतो. उचललेल्या कडेला म्हाताऱ्या माणसाचा पाय अडखळला, तर घसरायच्या भीतीने घातलेली जमीनच पाडणार!

म्हणून आमच्या आठवीतल्या पुतण्याने एक चाचणी केली. मुलांनो, ती तुम्हीही करू शकता. आईच्या होऊ घातलेल्या खोलीतल्या टाइल्स काढून खालचा कोबा उघडा केलाच होता. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा कागद कोब्यावर पसरून चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या. किमान 16 तास तसाच ठेवायचा. मग उचलून बघायचे. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट झाली, तर ओल खालून येते आहे. भर जुलैत त्याने चार ठिकाणी कागद लावले. तीन कोरडे निघाले. रस्त्याकडच्या भिंतीलगतचा चौथा थेंबांनी भरला होता.

कारण बाहेर होते. डांबराचे थर चढत चढत रस्ता उंच झाला होता आणि पावसाचे पाणी आमच्या जोत्याला लागून साचत होते. गवंडी म्हणाले, "एवढं काय, शीट टाकली की कोण बघतंय?" आई गणपतीला येऊ दे असे घरातही सगळ्यांना वाटत होते. पण आम्ही थांबलो. पाऊस सरल्यावर भिंतीबाहेर पाण्याला उतार काढून दिला. आत कोबा फोडला, मुरूम चोपला, खडी घातली, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद भिंतीपर्यंत वर वळवून अंथरला आणि वरून 4 इंच काँक्रीट केले. काँक्रीट सुकायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना, असा बांधकामातला ठोकताळा आहे. म्हणजे चार महिने गेले. तेवढे दिवस आम्ही भाऊ पाळीपाळीने रात्री शहापूरला झोपायला जात होतो.

फाल्गुनात पुन्हा कागद लावले. चारही कोरडे. मग आईच्या खोलीत खरखरीत पोताचे व्हिनायल घातले. देवापुढची तीन फूट जागा मात्र शहाबादीची ठेवली, समई आणि उदबत्तीसाठी. बाहेरच्या खोलीत, जिथे कारखान्याच्या चपला येतात, तिथे सगळीकडे न घासलेली शहाबादी. लाकडाची हौस माडीवर भागवू असे मुलांना सांगितले आहे.

पाडव्याच्या आधी आई आली. दारात उभी राहून तिने पायाच्या अंगठ्याने जमीन दाबून पाहिली आणि म्हणाली, "ही धरते पायाला." त्यानंतर दोन पावसाळे गेले. खोलीला वास नाही, कडा जागच्या जागी आहेत, आणि आई भिंतीला हात न लावता देवघरापर्यंत जाते.

कोणती जमीन चांगली, असे आता आम्हाला कोणी विचारले की आम्ही उलट दोन प्रश्न विचारतो. तीवर कोण चालणार आहे? आणि तिच्याखाली पाणी कुठून येते? पहिल्याचे उत्तर घरातल्या थोरांना विचारून मिळते आणि दुसऱ्याचे दीड फूट प्लास्टिकच्या कागदाने. दोन्ही फुकट आहे. रंग आणि नक्षी त्यानंतर खुशाल निवडावी.