वसंतविधी आणि पदवीचा प्रयोग

शिक्षणक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याने स्वतःची नृत्यरचना सादर करावी, असा पाश्चात्त्य समकालीन नृत्याच्या अनेक विद्यालयांचा परिपाठ आहे. या प्रयोगासाठी इगोर स्त्राविन्स्कीची ‘द राइट ऑफ स्प्रिंग’, म्हणजे ‘वसंतविधी’, ही संगीतरचना निवडणारी विद्यार्थिनी एका विलक्षण वारशाला सामोरी जाते. त्या वारशाचा अर्धा भाग स्वरलिपीत अक्षरशः शाबूत आहे. उरलेला अर्धा भाग नाहीसा झालेला आहे.

२९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. नृत्यरचना निजिन्स्कीची होती. कथासूत्रात स्त्राविन्स्कीचा भागीदार आणि नेपथ्य-वेशभूषेचा कर्ता होता पुढे कुलूच्या खोऱ्यात स्थायिक झालेला चित्रकार निकोलस रोरिक. प्रेक्षागृहातील गोंधळाची कथा सर्वपरिचित आहे. तिच्यामागे एक अधिक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. मोजक्याच प्रयोगांनंतर ते नृत्य थांबले आणि विसरलेही गेले. १९२० मध्ये मासीनला त्याच संगीतावर नवी रचना करावी लागली. १९८७ मध्ये मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी आठवणी, रेखाचित्रे, टिपणे यांच्या आधारे मूळ नृत्याची पुनर्रचना केली. पण पुनर्रचना हाही अखेर एक अन्वयार्थच असतो. बेजारची १९५९ ची रचना आणि पिना बाऊशची १९७५ ची रचना यांना ‘मूळ’ नृत्यसंहितेचा जाच नव्हता. त्यामुळे या कृतीच्या बाबतीत प्रत्येक नवे नृत्य संगीताची समीक्षा ठरते. कुठे ऐकावे, कशाला शरण जावे आणि कशाला नकार द्यावा, याचा निर्णय शरीराने घ्यायचा असतो.

हा निर्णय सर्वाधिक बिकट होतो तो अखेरच्या ‘बलिनृत्या’त. तेथे दोन, तीन, चार, पाच मात्रांची मापे एकामागून एक बदलत जातात. आवर्तन पुरे करून समेवर विसावण्याची सवय असलेल्या कानाला तेथे विसावा मिळत नाही, कारण सम अशी जागाच नाही. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे सांगितली. त्यांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे विरोध सतत वाढत राहतो आणि समतोल हाती येतो न येतो तोच निसटतो. अशा संगीतावर नाचण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मोजणे. पहिल्या प्रयोगाच्या रात्री प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात वाद्यवृंद ऐकू येईनासा झाला, तेव्हा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून नर्तकांसाठी आकडे ओरडत होता.

विद्यार्थिनीपाशी शंभराच्या घरातील वादकांचा ताफा नसतो. तिला ध्वनिमुद्रण वापरावे लागते, किंवा एकाच पियानोवर चार हातांनी वाजवण्यासाठी स्त्राविन्स्कीनेच केलेले रूप निवडता येते. हे रूप १९१३ मध्येच छापले गेले. वाद्यवृंदाच्या संपूर्ण स्वरलिपीला १९२१ साल उजाडावे लागले. पियानोवर वाद्यांचे रंग गळून पडतात आणि आघातांचा सांगाडा उघडा होतो. साधनांच्या तुटवड्यातून आलेली ही निवडही म्हणून अर्थपूर्ण ठरू शकते.

मात्र पदवीच्या प्रयोगाला या कृतीशी जोडणारा खरा धागा दुसराच आहे. कथासूत्रात टोळीतील वडीलधारे वर्तुळ करून बसतात आणि निवडलेली मुलगी त्यांच्यासमोर मरेपर्यंत नाचते. परीक्षेच्या सभागृहात परीक्षक बसलेले असतात आणि एक तरुण शरीर त्यांच्यासमोर आपली क्षमता दमछाक होईपर्यंत सिद्ध करीत असते. व्यावसायिक रंगमंचावर जे मिथक असते, ते येथे बैठकव्यवस्थेतच उतरलेले असते. बाऊशच्या रचनेत रंगमंचभर काळी पीटमाती पसरलेली असते आणि एक लाल वस्त्र स्त्रियांच्या हातून हाती फिरत राहते. ते कोणाच्या अंगावर चढणार, ही भीती प्रत्येकीच्या देहात दिसते. निवड होण्याची इच्छा आणि निवड होण्याचे भय एकत्र नांदू शकतात, हे अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

म्हणूनच आजच्या पुनर्कल्पनेत एक मोह बळावतो: मुलीला वाचवावे, तिने वर्तुळ तोडून निघून जावे. हा मोह समजण्याजोगा आहे, नैतिकदृष्ट्या तर स्वाभाविकच आहे. परंतु संगीत त्याला सहजी संमती देत नाही. अखेरीस बासरी वर चढत जाते, क्षणभर सारे थांबते आणि मग तो जड आघात कोसळतो. त्या आघातावर विजयी मुद्रेत उभी राहिलेली मुलगी संगीत ऐकत नसते. ती संगीतावर घोषणा चिकटवीत असते. सुटका दाखवायची असेल तर तिचे बीज आधीच्या अर्ध्या तासात पेरलेले असावे लागते. उदाहरणार्थ, एरवी ओठांआड दडवली जाणारी मोजणी नर्तकांनी मोठ्याने म्हणावी. एकटीच्या वाट्याला आलेले आकडे हळूहळू समूहाने उचलावेत. आणि तो आघात यावा तेव्हा कोण कोसळायचे, हे ठरवण्याचा अधिकार बसलेल्यांकडे उरू नये. तेथे शेवट बदलतो, पण संगीताशी केलेला करार मोडत नाही.

अशा प्रयोगाला गुण कसे द्यावेत, हा प्रश्न मग तांत्रिक राहत नाही. कौशल्य, रचना, संगीताची जाण असे रकाने भरता येतील. परंतु प्रयोगाने परीक्षकांनाच टोळीतील वडीलधारे ठरवले असेल, तर गुणपत्रिकेवर सही करणारा हात त्या विधीतील एक पात्र झालेला असतो, आणि त्या पात्राच्या कृतीला त्याच्याकडील एकाही रकान्यात जागा नसते.