गुडघ्याचे दुखणे

आम्ही उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. अस्थिसंस्थेचा धडा आला की फळ्यावर दोन आकडे लिहितो : जन्मलेल्या बाळाची हाडे सुमारे ३००, मोठ्या माणसाची २०६. "सर, बाकी की किधर गयीं?" असे पोरे हमखास विचारतात. कुठे जात नाहीत, एकमेकांना जोडली जातात, असे आम्ही सांगतो.

आईच्या पोटात बाळाची बहुतेक हाडे आधी कूर्चेची, म्हणजे नरम हड्डीची असतात. हळूहळू तिच्या जागी पक्के हाड तयार होते. लांब हाडांच्या टोकांजवळ मात्र कूर्चेची पातळ चकती उरते. तिथे नव्या पेशी बनतात आणि हाड लांब होते. वाढ पुरी झाली की त्या चकतीचेही हाड होते.

एवढे शिकवूनही आम्ही चुकलो.

वर्गातला चौदा वर्षांचा एक मुलगा लंगडू लागला. कवायतीला बसून राहायचा. "सर, रात को घुटना दुखता," म्हणायचा. "बढती उमर है, बेटा," असे म्हणून आम्ही विषय संपवला. घरच्यांना वाटले, क्रिकेट खेळताना मार लागला असेल. त्यांनी हाडवैद्याकडे नेले. महिनाभर तेल चोळले, पट्ट्या बांधल्या. सूज वाढतच गेली. अखेर एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला गाठ होती. तुकडा तपासल्यावर नाव कळले : ऑस्टिओसार्कोमा.

हाडातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पुष्कळ गाठी साध्या असतात. ही मात्र कर्करोगाची होती. यात बिघडलेल्या पेशी स्वतःच कच्चे हाड तयार करत सुटतात. हा रोग बहुधा वाढीच्या वयात आणि हाड जिथे सर्वांत जास्त वाढते तिथे, म्हणजे गुडघ्याच्या आसपास होतो. वेळ गेला तर फुप्फुसात पसरू शकतो. १९७० च्या दशकाआधी पाय कापूनही पाचांतला एखादाच वाचे. पुढे केमोथेरपी आली. आज रोग पसरलेला नसेल तर दहांतले सहा-सात जण वाचतात, आणि बहुतेकांचा पायही वाचतो.

त्याची आई शाळेत दाखला न्यायला आली होती. जाताना म्हणाली, "सर, तुमी तो हड्डियां पढाते. तुमको भी नै समज्या?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

अल्लाहच्या कृपेने मुलगा वाचला. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमोथेरपी. रोगट हाड काढून तिथे धातूचा सांधा बसवला. वर्षभराने तो वर्गात परतला. त्याला गुडघे टेकून सजदा करता येत नाही. नमाज खुर्चीवर बसून पढतो.

आता त्या धड्याला आम्ही फळ्यावर आणखी एक ओळ लिहितो : रात्री दुखत असेल, दोन-तीन आठवड्यांत थांबत नसेल, सूज वाढत असेल, तर मालीश नको, डॉक्टरकडे जाऊन एक्स-रे काढा. परीक्षेत यावर प्रश्न येत नाही. तरी आम्ही ती ओळ वहीत उतरवून घ्यायला लावतो आणि घरी वाचून दाखवायला सांगतो.