घड्याळाच्या काट्यावरचे औषध

आमच्या इंदापूरच्या घरी फडताळात स्टीलचा एक डबा असे. अण्णा गेल्यानंतर तो उघडला, तेव्हा आत मॉर्फिनच्या सोळा गोळ्या शिल्लक निघाल्या. त्या उरल्या त्या माझ्यामुळे.

अण्णांना तोंडाचा कर्करोग होता, तंबाखू तरुणपणापासूनची. वर्षभर पुण्याचे फेरे झाले आणि अखेर डॉक्टर म्हणाले, ‘आता घरीच न्या.’ सोबत गोळ्या दिल्या, दर चार तासांनी न चुकता द्यायला बजावले. मी मात्र अण्णा विव्हळू लागले की मगच देई, तीही अर्धी. सवय लागेल, ही धास्ती. ज्यांचे दिवस बोटांवर मोजण्याइतके उरले होते, त्यांना मी व्यसनापासून जपत होतो!

अण्णांच्या पश्चात या विषयावर मिळेल ते वाचू लागलो आणि सिसिली साँडर्स यांची ओळख झाली. जन्म १९१८चा, इंग्लंडमधला. आधी परिचारिका, पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, तेव्हा रुग्णालयातच समाजसेविका झाल्या. तेथे डेव्हिड तस्मा नावाचा पोलंडहून आलेला एकाकी ज्यू रुग्ण त्यांना भेटला. मरणासन्न माणसांसाठी एक घर असावे, असे दोघांचे बोलणे होई. १९४८ मध्ये तो गेला, जाताना पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवून. तुमच्या त्या घराची मी एक खिडकी होईन, म्हणाला. पुढे एका शल्यचिकित्सकाच्या सल्ल्यावरून, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बाईंनी वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभे राहिले. खिडकीला एकोणीस वर्षांनी घर मिळाले.

त्यांचे सांगणे साधे होते. वेदना उसळण्याची वाट पाहू नये. आधीच्या मात्रेचा अंमल ओसरण्यापूर्वी पुढची द्यावी. अशाने रुग्ण गोळीसाठी आसुसत नाही. आसुसतो तो वाट पाहायला लावलेला रुग्ण. हे वाचले तेव्हा मला अण्णांचे भिंतीवरच्या घड्याळाकडे लागलेले डोळे आठवले. मी त्याला व्यसनाची सुरुवात समजलो होतो.

आपल्याकडे ही वाट पाडली ती मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. लुईस जोस डिसूझा यांनी. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या रुग्णाने जायचे कोठे, या प्रश्नातून त्यांनी १९८६ मध्ये वांद्रे येथे शांती अवेदना आश्रम सुरू केला. भारतातले हे पहिले हॉस्पिस, सेवा विनामूल्य. पुढे गोवा आणि दिल्ली येथेही तशी केंद्रे झाली. कापून बरे करणे हे ज्याचे शिक्षण, त्याने बऱ्या न होणाऱ्यांच्या उशाशी बसावे, याचे मला अधिक मोल वाटते.

काळ अनुकूल नव्हता. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन परवान्यांच्या जाळ्यात अडकले होते. ती गाठ सैल व्हायला २०१४ची दुरुस्ती यावी लागली. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. एवढ्या फेऱ्या झाल्या, पण मी तेथवर कधी पोहोचलो नाही. कोणाला विचारलेच नाही.

आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, म्हणून सारकही मागून घ्या. आपल्या मनाने गोळी कमी करू नका, एकदम थांबवूही नका. मधेच वेदना उसळली तर काय द्यायचे, तेही आधीच विचारून ठेवा.

गेल्या महिन्यापासून माझे थोरले बंधू बारामतीत अंथरुणाला खिळून आहेत. दुखणे तेच. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळा मी वहिनींच्या मोबाइलमध्ये गजर लावून ठेवल्या आहेत. परवा दुपारी दोनचा गजर झाला आणि दादा शांत झोपलेले. वहिनी गोळी हातात घेऊन थबकल्या. म्हणाल्या, “भाऊजी, आत्ता दुखत नाहीये त्यांना. राहू दे का? सवय लागायची.”

मी त्यांना त्या स्टीलच्या डब्याची हकिकत सांगितली. आजवर घरात कोणाला सांगितली नव्हती. वहिनी काही बोलल्या नाहीत. पाण्याचा पेला घेतला आणि दादांना हलकेच हाक मारली.