कोरे पान

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात आमचे गाव आहे. गावालगत आमचा थोडासा मळा आहे आणि त्या मळ्यात दरवर्षी हळद होते. मी शाळेत मराठी शिकवीत असे. मळ्याचे सारे माझी पत्नी पाही. ज्येष्ठात बेणे लावावयाचे, पावसाळ्यात मातीची भर द्यावयाची आणि माघ-फाल्गुनात पाने वाळली म्हणजे हळद काढावयाची, असा तिचा वर्षाचा क्रम होता. एके वर्षी तिने नेहमीप्रमाणे बेणे लावले. पण पीक हाती येण्यापूर्वीच, दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत, आजाराने ती आम्हांला सोडून गेली. मागे राहिलो मी आणि आमची अकरा वर्षांची मुलगी.

मी मुलीसमोर रडलो नाही. तिच्या मायचे नावही काढले नाही. आपण गप्प राहिलो म्हणजे पोरीचे दुःख लवकर शमेल, असे मला वाटे. मग तीही गप्प राहू लागली. सकाळी आम्ही दोघे एकाच वाटेने शाळेत जात असू आणि एकाच वाटेने परत येत असू. पण बोलणे होई ते भाकरीचे आणि दप्तराचे.

२४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. त्या दिवशी मुलांना ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहावयास देण्याची माझी अनेक वर्षांची रीत होती. त्या वर्षीही मी सवयीने फळ्यावर तोच विषय लिहिला.

रात्री वह्या तपासावयास बसलो. मुलांनी निबंधाचे पान उघडे ठेवून वह्या एकावर एक रचून दिल्या होत्या. एका पानावर नुसता मथळा होता. खाली एक अक्षरही नव्हते. मी तांबड्या शाईने ‘निबंध अपूर्ण’ असा शेरा मारला आणि शून्य गुण दिले. वही बाजूला ठेवताना अक्षर ओळखीचे वाटले, म्हणून पुठ्ठा उलटून नाव पाहिले. वही माझ्याच मुलीची होती.

ती वही हातात धरून मी किती वेळ बसलो होतो, कोण जाणे! इतक्या वर्षांत आई नसलेली आणखी किती मुले माझ्या वर्गात बसून गेली असतील? त्या दिवशी त्यांनी काय लिहिले असेल? मी त्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तेवढ्या मोजल्या होत्या.

सकाळी मी मुलीला म्हणालो, “बाई, चूक तुझी नव्हे, माझी झाली. तो शेरा मी खोडला आहे.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, मला लिहायचं होतं. पण ‘आई’ लिहिलं की ती आपली माय वाटत नाही. आणि ‘माय’ लिहिलं की हात थांबतो.”

त्या दिवशी मला साने गुरुजींचे चरित्र निराळ्या रीतीने आठवले. ते शिक्षणासाठी घरापासून दूर असताना १९१७ साली त्यांची आई वारली. पुढे १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील मुलांवर त्यांनी आईसारखी माया केली आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही चालविले. परंतु ‘श्यामची आई’ त्यांनी लिहिली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. ९ तारखेस आरंभ केला आणि १३ तारखेस पुस्तक पुरे झाले. लिहावयास पाच दिवस लागले. पण त्या पाच दिवसांपूर्वी पंधरा वर्षे गेली होती! मी मात्र माझ्या मुलीला एका तासात निबंध मागितला होता.

त्या रात्री मी स्वतःसाठी एक कोरी वही घेतली. इतरांना लेखन शिकविणारा मी. पण माझ्या हातून एकच वाक्य उतरले : ‘तिने लावलेली हळद अजून शेतात आहे.’ दुसऱ्या रात्री आणखी दोन वाक्ये लिहिली.

जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनातील दुःख कागदावर उतरविले होते. लिहून होताच त्यांचे मन अधिकच जड झाले. मात्र पुढील काही महिन्यांत त्यांना वैद्यांकडे कमी वेळा जावे लागले. मलाही पहिल्या रात्री झोप आली नाही. तथापि मुलीशी तिच्या मायविषयी मी बोलू लागलो, तो त्यानंतरच.

फाल्गुनात हळद निघाली. कढईत ती शिजू लागली आणि तिचा वास अंगणभर पसरला. मुलगी कोणी न सांगता पुढे आली आणि पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी जाड, निरोगी गड्डे निवडून बाजूला ठेवू लागली. हे तिला कोणी शिकविले, ते विचारण्याची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी तिने वही उघडली आणि त्याच कोऱ्या पानावर लिहिले : ‘माझ्या मायच्या हाताला हळदीचा वास यायचा. चांगला गड्डा कसा ओळखावा, हे तिने मला दाखवले.’ एवढे लिहून तिने वही माझ्यापुढे सरकविली.

मी गुण दिले नाहीत. माझी वही आणली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने ती पहिल्या वाक्यापासून वाचली. मग आम्ही दोघेही रडलो.

आता २४ डिसेंबरला मी वर्गाला विषय देतो, तो ‘माझ्या घरचे एक माणूस’. ज्याला लिहावेसे वाटेल, त्याने लिहावे. ज्याचा हात थांबेल, त्याने पान कोरे ठेवावे. कोऱ्या पानावर मी आता शेरा मारीत नाही. सुटीत त्या मुलाजवळ जाऊन बसतो.