लिथियम आणि यकृताची साखर

मॅग्नेशियमच्या आयनाची त्रिज्या ७२ पिकोमीटर, लिथियमची ७६. अकरावीला कर्णसंबंध, म्हणजे आवर्तसारणीतल्या तिरप्या शेजाऱ्यांचं साम्य, शिकवताना हे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण एवढ्याशा साम्यामुळे यकृताची पेशी साखर साठवायला लागते, हे मला परवा पुण्यात कळलं! लोणीला परतताना एसटीत दुसरं काही सुचेना.

पुण्यातली माझी भाची पेशींवर काम करते. तिच्याकडच्या ‘हेप-जी-टू’ पेशी म्हणजे अर्जेंटिनातल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीचे वंशज. १९७९पासून त्या जगाला ठाऊक आहेत, आणि आजही ३७ अंशांच्या उबेत, गुलाबी द्रवात वाढताहेत.

“मामा, आता या बघा,” म्हणत तिनं दोन काचा दाखवल्या. दोन्हींतल्या पेशींना मीठ सारख्याच प्रमाणात दिलेलं, फक्त एकीला सोडियम क्लोराइड, दुसरीला लिथियम क्लोराइड. वरून इन्सुलिन कुणालाच नाही. मग ग्लायकोजेन रंगवणारं रसायन घातलेलं. सोडियमच्या पेशी फिकट, आणि लिथियमच्या? गडद किरमिजी! केवढा फरक!

यकृत रक्तातली साखर ग्लायकोजेन करून ठेवतं, आमच्या प्रवरानगरच्या साखर कारखान्याच्या गोदामात पोती रचतात तसं. ग्लायकोजेन बनवणाऱ्या विकराला जीएसके-३ नावाचं दुसरं विकर फॉस्फेट चिकटवून थोपवून धरतं. जेवणानंतर इन्सुलिनचा निरोप पेशीत एकेक टप्पा करत जीएसके-३पर्यंत पोचतो, ते गप्प बसतं आणि साठवण सुरू होते. लिथियमला हे टप्पे लागतच नाहीत. जीएसके-३ला काम करायला मॅग्नेशियम हवं, आणि लिथियम थेट त्याचीच जागा अडवतं. अकरावीचा कर्णसंबंध, जिवंत पेशीत!

उंदरांच्या यकृतपेशी लिथियम दिल्यावर ग्लायकोजेन वाढवतात हे १९८०च्या दशकातच दिसलं होतं. पण नेमकं कुठे बोट ठेवायचं, ते १९९६मध्ये पीटर क्लाइन आणि डग्लस मेल्टन यांनी दाखवलं. तेही यकृतात नव्हे, बेडकाच्या भ्रूणाचं कोडं सोडवताना. लिथियमनं भ्रूणाची घडण का बिघडते, याच्या उत्तरात जीएसके-३ सापडलं. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. मनोविकारासाठी लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तात त्याचं प्रमाण लिटरला साधारण ०.६ ते १.२ मिलिमोल ठेवतात, आणि त्याहून फार वर गेलं की विषबाधा होते. पेशींवरच्या अशा प्रयोगांत बहुतेकदा १० ते २० वापरतात. तेव्हा मधुमेहावर औषध मिळालं असं कुणी समजू नये.

पण एक मिलिमोलवर, महिनोन्‌महिने, यकृताच्या पेशीत काय होत असेल? भाचीला रात्रीच फोन लावला. ती म्हणाली, “मामा, दिवाळीच्या सुट्टीत या, मूत्रपिंडाच्या पेशीही दाखवते. लिथियम शरीराबाहेर तिथूनच जातं.” मी वह्या काढून ठेवल्या आहेत.